वाढीव खोलीखालचे गटार

पावसाळ्याच्या पहिल्या एक-दोन जोरदार सरी येऊन गेल्या की उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही शहरांत प्लंबरला आणि गवंड्याला एकाच तऱ्हेची बोलावणी येऊ लागतात. कुणाच्या नहाणीतून पाणी उलटे वर येते, कुणाच्या नव्या खोलीची लादी मधोमध खाली बसते, तर कुणाच्या जुन्या आणि नव्या भिंतीच्या सांध्यात बोट शिरेल एवढी भेग पडलेली असते. तक्रार लादीची असते, भिंतीची असते, मोरीची असते. कारण मात्र पुष्कळदा तीन-चार फूट जमिनीखाली असते. खोली वाढविताना ज्या गटारावर पाया घातला गेला, ते गटार खोली झाली म्हणून नाहीसे झालेले नसते. ते तिथेच वाहत असते, किंवा वाहावयाचे थांबलेले असते.

वाढीव बांधकामाविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुतांशी परवानगीची आणि चटईक्षेत्राची. जमिनीखालच्या नळाचा विचार त्यात क्वचितच येतो. या तीन शहरांत तो अधिक आवश्यक का ठरतो, हे समजण्यासाठी ती कशी वसली हे थोडे पाहावे लागेल.

उल्हासनगरचा इतिहास हा एका अर्थाने वाढीव बांधकामाचाच इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराने उभारलेल्या छावणीतील दोन हजारांहून अधिक बराकींमध्ये, फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांची सोय करण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. 'कॅम्प नंबर एक' ते 'कॅम्प नंबर पाच' हे लष्करी पत्ते मात्र आजही लोकांच्या तोंडी आहेत. लष्करी बराक ही तात्पुरत्या मुक्कामासाठी बांधलेली वास्तू. लांबलचक इमारत, मध्ये आडभिंती आणि दोन बराकींच्या दरम्यान सोडलेली मोकळी जागा. ही जागा हवेसाठी होती, वावरासाठी होती, तशीच पाण्याच्या निचऱ्यासाठीही होती. कुटुंबे वाढली तशी प्रत्येक खोली या जागेत पुढे सरकत गेली. आधी गोणपाटाचा आडोसा, मग पत्रे, मग विटांची भिंत आणि शेवटी स्लॅब. समोरच्या बराकीचेही तेच झाले. दोन्ही बाजूंनी पुढे आलेल्या ओट्यांच्या मधोमध उरली ती एक गल्ली, आणि मूळचे गटार कधी त्या गल्लीत राहिले, कधी कुणाच्या स्वयंपाकघराखाली गेले. १९५४च्या विस्थापित व्यक्ती (भरपाई व पुनर्वसन) कायद्यान्वये घरे मालकीची होत गेली, सनदा मिळाल्या. परंतु सनदेतील क्षेत्र आणि प्रत्यक्ष घर यांच्यात जे अंतर पडले, त्यात पुष्कळ ठिकाणी गटारच सापडते. अवघ्या १३ चौरस किलोमीटरच्या या शहराची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत ५ लाख ६ हजारांवर गेली होती. म्हणजे चौरस किलोमीटरला सुमारे ३९ हजार माणसे. इतक्या दाटीत एखाद्या कुटुंबाने मुलाच्या लग्नापूर्वी एक खोली वाढविली तर त्यास हौस म्हणता येत नाही.

अंबरनाथ आणि बदलापूर यांची वाट वेगळी. १९८३ साली ही दोन्ही गावे कल्याण महापालिकेत गेली आणि १९९२ मध्ये पुन्हा वेगळ्या नगरपालिका झाल्या. मधल्या आणि नंतरच्या काळात भातखाचरे भराव घालून बुजविली गेली आणि त्यांवर चाळी, बंगल्यांचे भूखंड, तीन-चार मजली सोसायट्या उभ्या राहिल्या. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ९८ हजार होती, ती दहा वर्षांत १ लाख ७४ हजारांवर पोहोचली. गटारांची व्यवस्था मागाहून आली. तोवर प्रत्येक इमारतीने आपापली मैलाटाकी, म्हणजे बोलीभाषेतील 'सेफ्टी टँक', आपापला शोषखड्डा आणि तेथून जवळच्या नाल्यात जाणारा नळ अशी सोय केली होती. पुढे केंद्राच्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानातून बदलापुरात भुयारी गटार योजना आली. नळ रस्त्याखाली आले, जुन्या टाक्या मात्र जागच्या जागी राहिल्या. तळमजल्याच्या सदनिकाधारकाने सामासिक अंतरात, म्हणजे इमारतीभोवती सोडावयाच्या मोकळ्या जागेत, जी खोली काढली तिच्याखाली कधी चालू चेंबर असतो, कधी विस्मरणात गेलेली रिकामी टाकी. यांपैकी रिकामी टाकी अधिक धोक्याची. तिच्यावर घातलेला पाया वास्तविक एका पातळ झाकणावर उभा असतो.

शहरांचा उतारही ध्यानात घ्यावयास हवा. अंबरनाथच्या परिसरात उगम पावणारी वालधुनी नदी, जिच्या काठी इ. स. १०६०चे शिलाहारकालीन शिवमंदिर उभे आहे, ती उल्हासनगरच्या मधून वाहत कल्याणजवळ उल्हास खाडीला मिळते. बदलापूर थेट उल्हास नदीच्या काठावर. या भागात चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नदी फुगली की नाले फुगतात, नाले फुगले की गटारांचे तोंड बंद होते आणि पाणी मागे सरते. २६ जुलै २००५ रोजी हे सर्वांनी पाहिले. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकून पडली, ती याच उल्हास नदीच्या पुराने. अशा दिवशी घराखालच्या नळात पाणी नुसते तुंबत नाही, ते दाबाखाली असते, आणि सांधा जिथे कच्चा असेल तिथून बाहेर पडते.

पायाखाली काय घडते

जुन्या घरगुती मलवाहिन्या बहुधा चिनी मातीच्या, म्हणजे स्टोनवेअरच्या. त्यांचे तुकडे दोन ते तीन फूट लांबीचे आणि सांधे सिमेंटच्या मालाचे. तीस फुटांच्या अंतरात असे दहा ते पंधरा सांधे येतात. हा नळ माती पेलण्यासाठी केलेला असतो, भिंत पेलण्यासाठी नव्हे. त्यावर पाया आला की भार सरळ खाली न जाता पसरत जातो. स्थापत्य अभियंते ढोबळ हिशेबासाठी तो पायाच्या कडेपासून ४५ अंशांच्या रेषेने खाली उतरतो असे धरतात. नळ या रेषेच्या आत असेल तर पायाचा भार नळावर येतो. बाहेर असेल तर नळ सुरक्षित. अर्थात पाया नळाच्या नेमका वर नाही, बाजूला आहे, एवढ्याने निश्चिंत होता येत नाही. पाया उथळ आणि नळ खोल असेल तर बाजूचा पायाही नळावर बसतो. त्याच्या उलटही खरे आहे. नळाच्या दुरुस्तीसाठी उद्या चर खणला तर त्या पायाखालची माती चरात ढासळू शकते.

नळ फुटतोच असे नाही. पुष्कळदा तो केवळ वाकतो, आणि तेवढेही पुरेसे असते. चार इंची नळाला जुन्या गवंडी-प्लंबरांच्या ठोकताळ्याप्रमाणे ४० फुटांत एक फूट ढाळ द्यावा लागतो, सहा इंचीला ६० फुटांत एक फूट, नऊ इंचीला ९० फुटांत एक फूट. म्हणजे चार इंची नळ दर मीटरला अवघा २५ मिलिमीटर उतरतो. आता पायाविषयीच्या भारतीय मानकात, आय. एस. १९०४ मध्ये, आरसीसी इमारतीच्या सुट्या पायाला चालण्याजोगी बसण किती धरली आहे ते पाहावे. वाळू व कठीण चिकणमातीत ५० मिलिमीटर आणि मऊ चिकणमातीत ७५ मिलिमीटर. इमारत एवढी बसली तरी तिला मोठी इजा होत नाही असे मानक म्हणते. पण तेवढ्याच बसणीने खालच्या नळाचा ढाळ पार मोडतो. मध्ये खळगा पडतो, खळग्यात गाळ साचतो, त्यावर तेलकट मळी धरते आणि वर्ष-दोन वर्षांत नळ निम्मा भरतो. घराला चालणारी चूक गटाराला चालत नाही, हे या विषयातील सर्वांत कमी लक्षात घेतले जाणारे सत्य आहे.

सांधा उघडला की दोन ऋतूंत दोन गोष्टी होतात. उन्हाळ्यात नळातील सांडपाणी बाहेर झिरपून आजूबाजूची माती मऊ करते. पावसाळ्यात भूजल वर येते, तेव्हा बाहेरचे पाणी नळात शिरते आणि येताना मातीचे कण घेऊन येते. भरावाची माती आणि मुरूम अशा तऱ्हेने थोडा थोडा वाहून जातो व पायाखाली पोकळी तयार होते. घुशींना ही पोकळी फार लवकर सापडते. त्यांनी बिळे केली की काम अधिकच सोपे होते. वरून काही दिसत नाही. दिसते तेव्हा लादी पोकळ वाजू लागलेली असते.

पिण्याच्या पाण्याचा प्रश्न याहून गंभीर. या शहरांत नळाला पाणी ठरावीक वेळीच येते. पाणी बंद झाल्यावर जलवाहिनीतील दाब नाहीसा होतो आणि तिला कुठे छिद्र असेल तर भोवतालचे पाणी ती आत ओढते. वाढीव खोलीच्या पायात पाण्याची आणि सांडपाण्याची वाहिनी एकाच चरात, एकमेकींना चिकटून टाकलेली असेल तर सकाळी पाणी येताच पहिल्या बादलीला वास का येतो, याचे उत्तर तिथेच मिळते. कावीळ, विषमज्वर आणि हगवण यांच्या साथीमागे हेच कारण वारंवार असते. आणि ही बाधा घर वाढविणाऱ्यापुरती मर्यादित राहत नाही. त्याच वाहिनीवरील पुढच्या प्रत्येक घराला ती पोहोचू शकते.

आधी शोध, मग कुदळ

नळ कुठून जातो हे नकाशावरून कळावे, परंतु जुन्या भागात नकाशा मिळेलच याची खात्री नसते आणि मिळाला तरी त्यावर विसंबणे धोक्याचे. शोधण्याच्या रीती मात्र साध्या आहेत. वरच्या आणि खालच्या बाजूचे चेंबर उघडावेत. दोहोंना जोडणारी सरळ रेषा दोरी धरून जमिनीवर चुन्याने आखावी. चेंबरमध्ये काठी धरून तळाची खोली मोजावी, म्हणजे मधल्या कोणत्याही ठिकाणी नळ किती खाली असेल याचा अंदाज येतो. वरच्या चेंबरमध्ये नीळ किंवा रंग कालवलेले पाणी ओतून ते खाली कुठे निघते हे पाहिले म्हणजे नळ आपलाच की शेजाऱ्याचा, हेही उमगते. एका चेंबरमध्ये आरसा आणि दुसऱ्यात बॅटरी धरून पाहिले तर सरळ, निर्वेध नळातून प्रकाशाचे पूर्ण वर्तुळ दिसते. नळ बसला असेल तर ते कापलेले दिसते. आरशाची ही परीक्षा आणि नळाच्या आतील व्यासापेक्षा १३ मिलिमीटरने लहान असलेला गुळगुळीत चेंडू वरून सोडून तो खाली पोहोचतो की नाही हे पाहण्याची परीक्षा, या दोन्ही जुन्या आहेत आणि आजही उपयोगी आहेत. ज्यांना परवडते त्यांच्यासाठी नळात कॅमेरा सोडण्याची सोय आता उपलब्ध आहे. हे सारे उजेडात आणि जमिनीवर उभे राहून करावयाचे. चेंबरमध्ये माणसाने उतरावयाचे नाही. त्याचे कारण पुढे येईल.

यानंतर, पाया जिथे येणार तिथे हाताने एक-दोन खड्डे घेऊन नळ डोळ्यांनी पाहावा. जेसीबी लावण्याची घाई पुष्कळांना असते. जेसीबीच्या दाताला नळ सापडतो खरा, पण सापडतो तो फुटलेला.

नळ सापडल्यावर तो कोणाचा हे ठरवावे. घराचा स्वतःचा नळ, सोसायटीचा सामाईक नळ, पालिकेची मलवाहिनी आणि पावसाळी नाला या चार वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याविषयी घरमालक निर्णय घेऊ शकतो, दुसऱ्याविषयी सोसायटीची सर्वसाधारण सभा. उरलेल्या दोहोंना पालिकेच्या लेखी संमतीवाचून हात लावता येत नाही. उल्हासनगरला लागू असलेल्या १९४९च्या महानगरपालिका अधिनियमात, म्हणजे पूर्वीच्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियमात, आयुक्तांच्या परवानगीखेरीज पालिकेच्या गटारावर बांधकाम करण्यास मनाई आहे. अंबरनाथ व बदलापूर यांचा कारभार १९६५च्या नगरपरिषद अधिनियमाने चालतो, त्यातही रोख हाच आहे. शिवाय १९६६च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली विकास परवानगी लागते ती वेगळीच, आणि डिसेंबर २०२० पासून या तिन्ही शहरांना राज्याची एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. इंग्लंडमध्ये सार्वजनिक मलवाहिनीपासून तीन मीटरच्या आत घर वाढवावयाचे असेल तर सांडपाणी कंपनीची संमती आधी घ्यावी लागते. तेथील कंपनीला भीती भिंतीची नसते. उद्या नळ दुरुस्त करावयाचा झाला तर हात कुठून घालायचा, ही असते. आपल्याकडेही परवानगीमागचा खरा हेतू तोच आहे, कागदपत्रांच्या ढिगाऱ्यात तो दिसत नाही इतकेच.

वळविणे की ओलांडणे

सर्वांत चांगला मार्ग नळ खोलीबाहेरून वळविण्याचा, असे सरसकट सांगितले जाते. सल्ला योग्यच आहे, पण त्यात एक मेख आहे. समजा, २० फुटांच्या सरळ नळाला सहा इंचांचा ढाळ मिळतो; म्हणजे ४० फुटांत एक फूट, चार इंची नळाला अगदी बरोबर. तोच नळ नव्या खोलीला वळसा घालून नेला तर लांबी ३४ फूट होते आणि ढाळ मात्र तोच सहा इंचांचा. आता प्रमाण ६८ फुटांत एक फूट झाले. पाणी जाईल, मळ जाणार नाही. त्यामुळे वळविण्याआधी दोन्ही टोकांच्या चेंबरांच्या तळाची पातळी नळीतल्या पाण्याने, म्हणजे गवंड्याच्या लेव्हल ट्यूबने, मोजलीच पाहिजे. पातळी पुरत नसेल तर नळ सहा इंची घ्यावा लागेल किंवा पुढचा चेंबर खोल करावा लागेल. प्रत्येक वळणावर चेंबर हवा. काटकोनी बेंड मातीत पुरून टाकणे म्हणजे पुढच्या तुंबण्याची जागा आजच नक्की करणे होय.

वळविणे शक्य नसेल तेव्हा नळ ओलांडावा लागतो. याचा अर्थ पाया नळावर ठेवायचा नाही, नळाच्या दोन्ही बाजूंना ठेवून मधले अंतर बीमने पार करावयाचे. उदाहरणार्थ, बदलापूरच्या एखाद्या बैठ्या घराच्या मागे दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब खोली काढावयाची आहे. मागच्या भिंतीपासून चार फुटांवर, भिंतीला समांतर, नळ जातो आणि त्याचा तळ साडेचार फूट खाली आहे. नव्या मागच्या भिंतीचा पाया तीन फूट खोल आणि तीन फूट रुंद घेतला तर त्याची आतली कड नळापासून साडेचार फुटांवर राहते. खोलीतील फरक दीड फुटाचा. ४५ अंशांच्या हिशेबाने दीड फूट अंतर पुरे असताना साडेचार फूट मिळते. या भिंतीची काळजी नाही. खरी अडचण बाजूच्या दोन भिंतींची, कारण त्या नळाला आडव्या ओलांडून जातात. गवंडी इथेच चुकतो. तो चारही बाजूंना सारखा चर खणतो, सारखे सोलिंग आणि पीसीसी करतो आणि नळ काँक्रीटमध्ये गाडून टाकतो. त्याऐवजी बाजूच्या भिंतींचा भार चार कोपऱ्यांच्या कॉलमांवर घ्यावा, कॉलमांचे पाये नळापासून हिशेबाने दूर ठेवावेत, आणि जोत्याच्या पातळीवर आरसीसी बीम घालून भिंत त्या बीमवर उभी करावी. बीमचा तळ आणि नळाचा माथा यांच्यात मोकळी फट हवी. बीम कितीही बसला तरी नळाला टेकणार नाही, एवढी. बीमचे माप आणि सळ्या अभियंत्याने ठरवावयाच्या. मागच्या कामाला अमुक टाकले होते म्हणून इथेही तेच, हा हिशेब नव्हे.

नळ भिंतीतून किंवा पायाच्या काँक्रीटमधून न्यावाच लागला तर त्याभोवती सगळीकडून किमान ५० मिलिमीटर मोकळीक ठेवून वर लिंटेल घालावे. मोकळ्या जागेत थर्माकोलसारखा दबणारा पदार्थ चालतो. दोन्ही तोंडे मात्र घुशी शिरणार नाहीत अशी बंद करावीत. दुसरी रीत म्हणजे नळ भिंतीत घट्ट बसवून भिंतीच्या दोन्ही अंगांना १५० मिलिमीटरच्या आत लवचीक सांधे द्यावेत आणि पुढचा तुकडा दोन फुटांहून लांब नसावा, म्हणजे भिंत बसली तर नळ मोडण्याऐवजी सांध्यात वळतो. जुन्या नळाची खात्री नसेल तर खोलीखालचा सगळा भाग या निमित्ताने बदलून टाकणे शहाणपणाचे. वरच्या उदाहरणात खोली बारा फुटांची आहे आणि पीव्हीसीचा नळ वीस फुटी मिळतो. म्हणजे खोलीखालून एकही सांधा न घेता नळ पलीकडे नेता येतो आणि दोन्ही चेंबर भिंतीबाहेर, उघड्यावर येतात. एका नळाच्या किमतीत मिळणारा एवढा फायदा दुसऱ्या कुठल्याही गोष्टीत मिळत नाही.

आणखी दोन गोष्टी. खणताना जुन्या पायाच्या तळाखाली एका दमात जाऊ नये. तीन-चार फुटांचे टप्पे करून, एक भरून मग दुसरा उघडावा. पावसाळ्यात तर हे काम काढूच नये, कारण भरावाच्या जमिनीत उघडा चर एका रात्रीत ढासळतो आणि जुनी भिंत सोबत नेतो. नळाचा चर नव्या किंवा जुन्या पायापासून एक मीटरच्या आत येत असेल आणि पायापेक्षा खोल जात असेल, तर तो मातीने न भरता पायाच्या तळाच्या पातळीपर्यंत काँक्रीटने भरावा.

जुनी मैलाटाकी खाली निघाली तर? ती उपसून, तळाला भोके पाडून, दगडगोटे, मुरूम व रेतीने थराथराने ठोकून भरावी किंवा काढून टाकावी. आणि तरीही कॉलम तिच्यावर नसावा.

झाकलेला चेंबर

वाढीव खोलीत चेंबर आला की पहिली प्रवृत्ती होते ती त्यावर लादी बसविण्याची. वास येत नाही, दिसत नाही, झुरळे येत नाहीत. पुढे नळ तुंबतो तेव्हा तो उघडावा कुठे हेच कळत नाही आणि वरच्या बाजूच्या सगळ्या घरांचे पाणी त्यांच्या मोरीतून वर येते. भांडणे तेथून सुरू होतात. खासगी चेंबर खोलीत ठेवण्यावाचून गत्यंतर नसेल तर त्याला दुहेरी पट्टीचे हवाबंद झाकण बसवावे, ते उचलता येईल असे असावे, त्यावर कपाट ठेवू नये. पालिकेचा मॅनहोल मात्र कोणत्याही परिस्थितीत घराच्या आत घेऊ नये.

कारण नुसते गैरसोयीचे नाही. कुजणाऱ्या मळातून मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू निघतात. पहिला पेट घेतो, दुसरा माणसाला मारतो. आणि अधिक प्रमाणात असला तर नाकाला आधी बधिर करून मग मारतो. नळाला व्हेंट पाइप असेल तर वायू छपरावर निघून जातो. वाढीव बांधकामात अडथळा होतो म्हणून तोच पाइप कापला की वायूला घराखेरीज वाट उरत नाही. उल्हासनगरच्या कित्येक कुटुंबांच्या आठवणीतले शहर म्हणजे कराची. तेथील शेरशाह भागात १८ डिसेंबर २०२१ रोजी झाकलेल्या नाल्यावर बांधलेल्या इमारतीत भीषण स्फोट झाला. तळाशी बँकेची शाखा होती. पंधराहून अधिक माणसे दगावली. नाल्यात साठलेल्या वायूने पेट घेतला, असा पोलिसांचा प्राथमिक निष्कर्ष होता.

दुसरा बळी असतो तो सफाई कामगार. चेंबर बाहेर आणि उघडता येण्याजोगा असेल तर जेटिंग मशीनची नळी सोडून, बांबूच्या कामट्या घालून नळ मोकळा होतो. तो दोन घरांच्या मध्ये चेपला गेला असेल, गाडी गल्लीत येत नसेल, तर कुणीतरी आत उतरावे असा आग्रह सुरू होतो आणि शे-पाचशे रुपयांसाठी कुणीतरी उतरतो. २०१३च्या कायद्याने संरक्षक साधनांखेरीज माणसाला गटारात वा मैलाटाकीत उतरविणे हा गुन्हा ठरविला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी दहा लाख रुपयांची भरपाई ठरविली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाखांवर नेली. कायदा कामावर लावणाऱ्याला धरतो. गटार झाकून टाकणाऱ्याचे नाव त्या कागदात कुठे येत नाही.

बांधकाम नियमित झाले म्हणजे प्रश्न मिटला, अशी एक समजूत उल्हासनगरात विशेष आढळते. तिला कारणही आहे. उच्च न्यायालयाने ८५५ बेकायदा इमारतींवर कारवाईचा आदेश दिल्यानंतर राज्य सरकारने २००६ मध्ये खास या शहरातील अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी कायदा केला. दंड भरून बांधकाम कागदावर नियमित होऊ शकते. खाली बसलेला नळ दंडाने वर येत नाही. मे २०२१ मध्ये शहरात दोन आठवड्यांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे गेली, तेव्हा जुन्या इमारतींच्या संरचनात्मक तपासणीचा विषय ऐरणीवर आला. त्या दुर्घटनांचा संबंध गटाराशी जोडण्याचे कारण नाही. तथापि अशी तपासणी करून घेताना कॉलम आणि स्लॅबबरोबर इमारतीखालून जाणाऱ्या वाहिन्याही तपासून घ्याव्यात असा आग्रह रहिवाशांनी धरला, तर त्याच खर्चात तेही काम होईल.

ज्यांची खोली गटारावर आधीच उभी आहे, त्यांनी ती पाडलीच पाहिजे असे नव्हे. वर सांगितलेल्या आरशाच्या आणि रंगाच्या परीक्षा वर्षातून एकदा, एप्रिल-मेमध्ये, कराव्यात. भेगेवर काचेची पट्टी सिमेंटने चिकटवून तारीख लिहून ठेवावी. पट्टी तडकली तर बसण अजून चालू आहे. लादी पोकळ वाजत असेल तर वरून नुसती नवी लादी न बसविता ती उचलून खालची माती पाहावी. पुराच्या पट्ट्यातील घरांनी, बदलापूरच्या हेंद्रेपाडा-रमेशवाडीसारख्या सखल भागात, शेवटच्या चेंबरमध्ये पाणी उलटे येऊ न देणारी झडप बसवून घ्यावी; ती दर पावसाळ्यापूर्वी उघडून साफ करावी लागते, अन्यथा कचरा अडकून ती उघडीच राहते. वरच्या मजल्याचा विचार मात्र, खालचा नळ बदलून झाल्याखेरीज, करू नये.

आणि नळ बदलला, वळविला वा ओलांडला, तर चर बुजविण्यापूर्वी भिंतीच्या दोन कोपऱ्यांपासूनची अंतरे आणि खोली मोजून एक साधा आराखडा काढावा, उघड्या चराची दोन-तीन छायाचित्रे घ्यावीत आणि ती घराच्या कागदपत्रांत, सनदेच्या किंवा शेअर सर्टिफिकेटच्या शेजारी ठेवावीत. एक प्रत शेजाऱ्याकडेही असू द्यावी, कारण पुढचा चर बहुधा त्याच्याच बाजूने खणला जातो.